एक्केचाळीस आणि बेचाळीस यांच्या मध्ये

हाल्श्काबाईंनी एक फोटो दिला होता,
कडा कुरतडलेला, कोपऱ्यात चहाचा डाग:
गिरणीच्या लाल विटांपुढे त्यांचा लुत्स्यान,
कोटाची दोनच बटणं लावलेली,
खांद्यावर शिडी.
"याला फाटकापर्यंत चालव," म्हणाल्या,
जणू मी ट्राम चालवतो.

यंत्राने चालवला.
पाच सेकंद, एक्क्याऐंशी फ्रेम,
सेकंदाला सोळा.
चालला, पण अडखळत,
जसं कुणी मोजून मोजून खोटं बोलावं.

मग दुसऱ्या यंत्राला सांगितलं, मधलं भर.
ते दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतं,
या चित्रातला हा ठिपका त्या चित्रात कुठे गेला ते शोधतं
आणि अर्ध्या वाटेवर त्याला गाठतं.
एवढंच.
जे कधी घडलंच नाही
त्याच्या दोन क्षणांमधलं,
म्हणजे जे त्याहूनही घडलं नाही,
ते इतक्या सफाईने मांडतं
की डोळा पावती फाडून मोकळा.

सोळाचे चौसष्ट झाले.
एका जागी शिडीच्या पायऱ्या विरघळल्या,
कोटात गेलेली बोटं सहा होऊन बाहेर आली.
ते सगळं निवडलं मी, तांदळातल्या खड्यांसारखं.
रात्रीचे दोन. वूच शहरातला नोव्हेंबर.
खिडकीखाली शेवटची ट्राम वळताना किंचाळली
आणि पडद्यावर लुत्स्यान
लोण्यावरून सुरी फिरावी तसा चालत राहिला.

सकाळी हाल्श्काबाई दोन मजले उतरून आल्या,
हातात खसखशीच्या केकचा तुकडा, रुमालात.
एकोणीस वर्षं कार्टूनच्या स्टुडिओत होत्या त्या.
"अस्वल टोपी काढतं ना,
टोपी डोक्यावर, ते चित्र साहेबांचं.
टोपी हवेत, तेही साहेबांचं.
मधली पाच माझी.
आणि मधलं कधी मधोमध काढायचं नसतं, पोरा.
अस्वल जड असतं. आधी रेंगाळतं, मग सुटतं.
तुझं यंत्र सगळं अर्ध्यावर कापतं,
भावाभावांच्या वाटणीसारखं."

मी लुत्स्यान दाखवला. चौसष्टचा.
चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिला.
"चालतो छान," म्हणाल्या,
दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल म्हणावं तसं.

"आधीचा आहे? खडबडीत?"

तो लावला.
एक्केचाळिसाव्या फ्रेमपाशी डावा पाय
उशिरा पडला, किंचित,
आधी जरा विचार करून टाकल्यासारखा.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"हा बघ. पडला होता ना शिडीवरून.
त्यानंतर आयुष्यभर असाच.
जिन्यात पाऊल वाजलं की मला कळायचं."

फोटो पडण्याआधीचा होता.
त्यात त्याचा कुठलाच पाय दुखत नव्हता.
यंत्राला काय ठाऊक असणार?
चुकलं होतं ते, नेहमी चुकतं तसंच,
आणि मी ती चूक रात्रभर बसून
घासून, पुसून, गुळगुळीत करून टाकली होती.
हे त्यांना सांगायला तोंड उघडलं
आणि केकचा घास घेतला.

ऐंशी फटी होत्या.
त्या दुपारी मी एकोणऐंशी भरल्या.

आता तो वाऱ्यासारखा येतो फाटकाकडे,
मध्येच एकदा अडतो, पुन्हा वारा.
कुणा जाणकाराला दाखवलं तर म्हणेल,
एक फट राहिली बघ तुझी.
हाल्श्काबाईंनी सात वेळा पाहिलं.
दर वेळी त्या जागी
त्यांचा अंगठा नि तर्जनी टेबलावर
नसलेली पेन्सिल धरायची
आणि सोडून द्यायची.

मग उठल्या, चहाचे ग्लास विसळायला घेतले.
नळ चालू ठेवूनच, माझ्याकडे पाठ करून विचारलं,
"ती शिडी...
ती काढता येते का रे?"